अस्वलाचे कान, सरपण आणि ‘सरकारी’ जमीन

दगडवाटा (धागाकर्ता)

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघं सॉल्ट लेक सिटीहून गाडी काढून अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात चार दिवस भटकून आलो. खरं तर फोटोंचा धागा काढायचा होता. पण ब्लँडिंग गावातल्या गॅस स्टेशनवर एक पिकअप दिसली आणि फोटो राहिलेच.

चाकांच्या वरपर्यंत लाल मातीनं माखलेली जुनी पिकअप. मागचा हौदा ज्युनिपरच्या ओंडक्यांनी गच्च भरलेला, ओंडक्यांवर परवान्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या. पेन्सिल तासल्यावर येतो ना, अगदी तसा वास हवेत. गाडीशेजारी नवाहो या आदिवासी जमातीचे एक आजोबा आणि बारा-तेरा वर्षांचा नातू. नातू त्यांना ‘चेइ’ म्हणत होता, म्हणजे आईचे वडील. बायकोनं सहज विचारलं, एवढं लाकूड कशाला? आजोबा म्हणाले, "हिवाळा." मग थोडं थांबून म्हणाले, तीन घरांचं आहे. एक माझं, एक बहिणीचं, एक शेजारणीचं. तिला आता कुऱ्हाड पेलत नाही. कुठून आणलं विचारल्यावर त्यांनी बोट दाखवलं नाही, ओठ पुढे काढून पश्चिमेकडे खूण केली. त्यांची आजीही तिकडूनच सरपण आणायची म्हणे. "तेव्हा चिठ्ठी लागत नसे."

‘तिकडे’ म्हणजे बेअर्स इअर्स. पठारावर शेजारी शेजारी उभे असलेले दोन सुळके, लांबून अस्वलाच्या कानांसारखे दिसतात. होपी, नवाहो, यूट आणि झुनी या चारही भाषांत त्यांच्या नावाचा अर्थ हाच. नवाहोत ‘शाश जा’. सुळक्यांभोवतीच्या पठारांत आणि घळींत हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची घरं, धान्याची कोठारं, कातळचित्रं, थडगी इतकी आहेत की एक लाख हा नुसता अंदाज आहे. दहा टक्के भागाचीही नीट पाहणी झालेली नाही.

आता या जमिनीचा गेल्या दहा वर्षांचा इतिहास ऐका. आधी नवाहोंच्या एका स्थानिक संस्थेनं म्हाताऱ्या माणसांशी बोलून नकाशा केला. सरपण कुठून येतं, पिन्यॉन पाइनच्या बिया कुठे वेचतात, औषधी पाला कुठे मिळतो, पूर्वज कुठे पुरलेत. त्यावर काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) काही हललं नाही. मग जुलै २०१५ मध्ये पाच जमाती एकत्र आल्या: होपी, नवाहो, झुनी, यूट माउंटन यूट आणि युइंटा-उरे इथले यूट. यांतल्या काहींची एकमेकांशी पिढ्यानपिढ्या भांडणं होती, तरी एकत्र आल्या. १९ लाख एकर राखा आणि कारभारात आम्हाला बरोबरीनं घ्या, अशी मागणी केली. २८ डिसेंबर २०१६ ला ओबामांनी साडेतेरा लाख एकरांचं राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. (स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चबुतरा येतो. हे साधारण साडेपाच हजार चौरस किलोमीटर आहे.) डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्पनी त्यातलं ८५ टक्के काढून टाकलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडननी परत जोडलं. म्हणजे पाच वर्षांच्या आत एकाच जमिनीवरची रेघ तीनदा हलली, आणि प्रत्येक वेळी एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या सहीनं. हे सगळं १९०६ च्या एका कायद्यामुळे. त्यात राष्ट्राध्यक्षाला संसदेला न विचारता केंद्राच्या जमिनीवर स्मारक जाहीर करता येतं. केलेलं मोडता येतं का, यावर वकील अजून भांडतायत. २०२५ मध्ये न्याय खात्यानं मत दिलं की येतं. याच खात्याचं १९३८ चं मत होतं की येत नाही.

बातम्यांत हे भांडण नेहमी ‘पर्यावरण विरुद्ध उद्योग’ असं येतं. मला तिथं गेल्यावर ते तसं वाटलं नाही. दोन्ही बाजूंना ही जमीन रिकामी दिसते. एकाला ती तशीच रिकामी राखायचीय, दुसऱ्याला रिकामीच आहे म्हणून खणायचीय. चेइंच्या लेखी ती रिकामी कधी नव्हतीच. त्यांना तिथं काचेचं कपाट नकोय आणि युरेनियमची खाणही नकोय. त्यांना लाकूड हवंय, बिया हव्यात, आणि आजीच्या जागेवर जाताना कोणाला विचारावं लागू नये एवढं हवंय.

जून २०२२ मध्ये पाच जमाती आणि केंद्राच्या दोन खात्यांत सहकारभाराचा करार झाला. स्मारकाच्या पाटीवर पाचही जमातींची नावं आली. जानेवारी २०२५ मध्ये कारभाराचा आराखडाही मंजूर झाला. मला ते आवडलं, पण माझा मुद्दा वेगळा आहे. हा सगळा डोलारा एका सहीवर उभा आहे. सही बदलली की पाटी खाली. जमातींचा हक्क कायद्यानंच लिहून ठेवायला हवा, राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

टपोरा_मोगरा

छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न: ही ‘केंद्राची जमीन’ म्हणजे आपल्या वनखात्यासारखं काही का? आणि रिझर्वेशन म्हणजे तीच जमीन ना?

---

दगडवाटा

मोगराताई, प्रश्न बाळबोध नाही, निम्मं भांडण यातच आहे.

रिझर्वेशन वेगळं. ती जमातीसाठी राखलेली जमीन. कागदावर बहुतेक जमिनीचं विश्वस्तपद केंद्राकडे, पण कारभार जमातीच्या सरकारचा. बेअर्स इअर्स रिझर्वेशनच्या बाहेर आहे. १८६४ मध्ये लष्करानं नवाहोंना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोत नेऊन डांबलं, १८६८ च्या तहानं परत येऊ दिलं. पण तहात आखलेली हद्द ही लोकांच्या जुन्या वावराच्या मानानं पाटीवर काढलेल्या चौकोनाएवढी होती. उरलेलं सगळं ‘सार्वजनिक’ झालं.

केंद्राकडे एकूण ६४ कोटी एकर, देशाच्या २८ टक्के. त्यात सगळ्यात मोठा वाटा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचा, साडेचोवीस कोटी एकर. फॉरेस्ट सर्व्हिसकडे १९ कोटींच्या वर. आपल्या वनखात्याशी थोडंफार साम्य या दुसरीचं. ब्युरोची जमीन म्हणजे फुकट वाटूनही कोणी घेतली नाही ती. पाणी नाही, नुसता दगड. म्हणून पूर्वेकडे केंद्राची जमीन नावाला आणि नेवाडात ऐंशी टक्के, युटात जवळजवळ दोन तृतीयांश. युटा सरकारला हे सलतं. २०२४ मध्ये त्यांनी ब्युरोच्या १ कोटी ८५ लाख एकरांसाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं दारातूनच परत पाठवलं. त्याच वर्षी संसदेत पश्चिमेकडची काही जमीन विकायचा प्रस्ताव आला होता, तोही शिकारी आणि मासेमारी करणाऱ्यांनीच हाणून पाडला. त्यात प्रस्ताव आणणाऱ्यांच्याच पक्षाचे मतदार भरपूर.

---

चिंचेचा_पार

म्हणजे अमेरिकेतही शेवटी सात-बारा कोणाच्या नावावर, यावरच भांडण. जीव भांड्यात पडला. 😀

---

खाणीतला_माणूस

लेख चांगला, पण असहमत. मी ॲरिझोनात खाण उद्योगात आहे, तेव्हा ‘हितसंबंध’ म्हणून जे काय समजायचं ते समजा.

दगडवाटा, तुम्ही गेलात ती गाडी कोणती होती? तुमच्या आधीच्या एका धाग्यात तुम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतल्याचं वाचलंय. पेट्रोलच्या गाडीपेक्षा तिला कितीतरी जास्त तांबं लागतं. ते कुठून तरी यायचंच. इथं नाही खणलं तर चिलीत, काँगोत खणतील, आणि तिथल्या आदिवासींना कोणी पाटीवर नाव देणार नाहीये. एक खाण उघडायची तर परवान्यांतच दहा-दहा वर्षं जातात. तोवर गावातली पोरं फिनिक्सला निघून गेलेली असतात. सुपिरियर गावात जाऊन बघा. तिथली जुनी खाण १९९६ मध्ये बंद झाली, मुख्य रस्त्यावरच्या अर्ध्या दुकानांना अजून कुलुपं आहेत.

याच गावाशेजारी ओक फ्लॅट आहे. सात हजार फुटांखाली तांब्याचा प्रचंड साठा, आणि वर अपाची लोकांची पवित्र जागा. मुली वयात येतात तेव्हाचा सोहळा तिथं होतो. १९५५ मध्ये आयझेनहॉवरच्या काळात तिथल्या ७६० एकरांत खाणकामाला बंदी झाली. २०१४ मध्ये ही जमीन रिओ टिंटो आणि बीएचपी या खाणवाल्यांच्या संयुक्त कंपनीला दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात द्यायची तरतूद संसदेनं केली. आता प्रामाणिकपणे सांगतो, ती तरतूद संरक्षण खात्याच्या खर्चाच्या अवाढव्य विधेयकात शेवटच्या घटकेला घुसडली होती. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. आणि पद्धत ‘ब्लॉक केव्हिंग’. खालून खनिज पोखरत जायचं, वरचा डोंगर आपल्याच वजनानं ढासळू द्यायचा. कालांतरानं वर जवळजवळ दोन मैल रुंद, हजार फूट खोल खड्डा पडेल. म्हणजे शेजारी शेजारी नांदायचा प्रश्नच येत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपाचींचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती गॉरसच यांनी त्यावर कडक विरोधी मत लिहिलं. जुन्या कॅथीड्रलची गोष्ट असती तर न्यायालय असं वागलं असतं का, या अर्थाचं.

मला खाण हवीय. पण ‘देशाच्या विकासासाठी’ म्हणताना कोणाचं देऊळ पडतंय हे माहीत असावं, एवढं मीही मानतो.

---

दगडवाटा

गाडी इलेक्ट्रिकच होती. 🙏 मारा.

तांब्याबद्दल वाद नाही. फक्त एक जोडतो. केंद्राच्या जमिनीवर तेल, कोळसा काढला तर सरकारला स्वामित्वधन मिळतं. तांबं, सोनं, युरेनियम यांच्यासाठी अजून १८७२ चा कायदा लागू आहे, आणि त्यात स्वामित्वधन शून्य. शंभर मेंढ्या चारायच्या तरी फी आहे, सरपणाला चिठ्ठी आहे, सोन्याला नाही! तुमचं ‘दहा वर्षं परवान्यात’ मान्य, पण त्या उशिराला ज्यांना कोणी विचारलंच नाही ते लोक जबाबदार नाहीत. आधी विचारलं असतं तर कोर्टात वर्षं गेली नसती.

---

निशिगंधा_डुरँगो

मी बेअर्स इअर्सपासून दोन तासांवर राहते, तिथल्या सीडर मेसा पठारावर दरवर्षी जाते. (अवांतर: तिथं सीडर एकही नाही. ज्युनिपरलाच सुरुवातीचे गोरे लोक सीडर म्हणायचे.) या धाग्यात पर्यटनाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. खाणीपेक्षा मला आपलीच जास्त भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं घळीत एक खापर उचललं. राखाडी, अंगठ्याएवढं, बाहेरून सुरकुतल्यासारखं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून प्रत्येक वळी बोटानं चिमटत नेलेली असते, त्याच्या त्या सुरकुत्या. मुलाचा अंगठा त्या खळगीत बरोब्बर बसला. आठशे-हजार वर्षांपूर्वी कोणत्या तरी बाईनं तिथं बोट दाबलं होतं. मी फोटो काढला, कौतुक केलं, आणि आम्ही ते एका सपाट दगडावर इतर खापरांशेजारी ‘मांडून’ ठेवलं, पुढच्यांना दिसावं म्हणून. संध्याकाळी बरोबरच्या झुनी वाटाड्याला उत्साहानं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, तुम्ही कोणाच्या तरी घरात शिरून भांडी एका टेबलावर लावून आलात. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो, पण कोणतं खापर कुठलं होतं ते आता आठवेना.

मून हाउस या जुन्या घरांच्या अवशेषांत दिवसाला वीस जणांनाच सोडतात, ते ठीक. बाकी शेकडो जागांना ना पाटी ना पहारेकरी. स्मारक जाहीर झालं की नकाशावर येतं, नकाशावर आलं की आपण येतो. स्वच्छतागृह मात्र मागाहून येतं. ब्लफ गावातल्या लोकांना आपलंही मोआब (इथलं पर्यटकांनी गजबजलेलं गाव) होईल अशी धास्ती आहे: घरभाडी गगनाला, आणि हॉटेलात भांडी घासायला तेवढे स्थानिक.

---

पंधरा_हिवाळे_युटात

दगडवाटा, धागा एका पायावर उभा आहे हो. दुसरा पाय मी लावतो. मी मॉर्मन पंथाचा नाही, पण शेजारी, सहकारी सगळे तेच.

सॅन हुआन काउंटी आपल्या नगर जिल्ह्याहून मोठी, वस्ती जेमतेम पंधरा हजार. त्यात निम्म्याच्या आसपास आदिवासी. खासगी जमीन दहा टक्केसुद्धा नाही. म्हणजे शाळा, रस्ते, रुग्णवाहिका चालवायला कर कोणाकडून घ्यायचा? केंद्र कराच्या बदल्यात थोडे पैसे देतं, तेही दरवर्षी संसदेच्या मूडवर. ब्लफ ज्यांनी वसवलं ते मॉर्मन १८७९-८० च्या हिवाळ्यात कड्याच्या फटीतून गाड्या दोरांनी खाली सोडत आले होते. त्यांच्या पणतवंडांना वॉशिंग्टनहून कोणी तरी ‘ही जमीन सगळ्या देशाची’ म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. २००९ मध्ये पुरातन वस्तूंच्या चोरट्या व्यापारावर केंद्राच्या पोलिसांनी पहाटे घरोघरी धाडी घातल्या, दोन डझन लोकांवर गुन्हे दाखल झाले. आपल्या लेखी ती थडग्यांची लूट. गावात मात्र अजूनही आठवण निघते ती बंदुकांची.

आणखी एक भानगड. युटा राज्य झालं तेव्हा दर ३६ चौरस मैलांतले ४ चौरस मैल शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याला मिळाले. बुद्धिबळाच्या पटासारखे तुकडे. स्मारकाच्या आतही राज्याचे एक लाखाहून जास्त एकर असे विखुरलेले आहेत. शेजारच्या ग्रँड स्टेअरकेस या दुसऱ्या स्मारकातल्या अशा तुकड्यांची १९९८ मध्ये अदलाबदल झाली होती. राज्याला दुसरीकडे जमीन आणि वर ५ कोटी डॉलर मिळाले, शाळांचं भलं झालं. बेअर्स इअर्सची तशीच अदलाबदल जवळजवळ ठरली होती, २०२४ मध्ये राज्यानंच अंग काढून घेतलं. हे मला माझ्या शेजाऱ्यांचंही चुकलेलं वाटतं. रागाच्या भरात पोरांच्या शाळेचे पैसे घालवले.

आणि महत्त्वाचं: काउंटीतल्या सगळ्याच नवाहोंना स्मारक नको होतं असं नाही आणि हवं होतं असंही नाही. विरोध करणाऱ्यांत एक नवाहो काउंटी कमिशनरच होत्या. त्यांच्या बाजूच्या लोकांची भीती काय, तर स्मारक झालं की सरपण बंद. म्हणजे तुमचे चेइ ज्या लाकडासाठी बाजूनं, त्याच लाकडासाठी दुसरे आजोबा विरोधात.

---

दगडवाटा

मान्य, आणि मनापासून आभार. हे मी लिहायला हवं होतं. सरपण, बिया, पाला गोळा करणं चालू राहील हे ओबामांच्या घोषणेतच लिहिलं होतं, गुरं चारणंही बंद झालेलं नाही. पण शंभर वर्षांत सरकारनं लिहिलेलं इतक्यांदा फिरलंय की ‘कागदावर आहे’ यानं कोणाचं समाधान व्हायचं?

सरपणाची निकड समजायला एक गोष्ट. २०१९ मध्ये नवाहो भूमीतलं मोठं औष्णिक वीजकेंद्र आणि त्याची कायेंटा कोळसा खाण बंद झाली. त्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी उपसून फिनिक्स-टुसॉनला जायचं, आणि तारांखालच्या हजारो नवाहो घरांत दिवा नव्हता. खाण बंद होणं हवेसाठी चांगलंच. पण त्याच खाणीचा कोळसा कित्येक घरांच्या शेगडीत जायचा. तो थांबला तसे लोक लाकडाकडे वळले. शहरातल्या आपल्यासारख्यांनी ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणून टाळ्या वाजवल्या, हिवाळा त्यांनी काढला.

---

वऱ्हाडी_ठेचा

तुलना करू नये म्हणतात, तरी करतोच. तुमच्या चिठ्ठीवरून मेंढा-लेखा आठवलं. गडचिरोलीतलं गोंडांचं गाव, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळालेलं देशातल्या पहिल्या काही गावांपैकी एक. हक्क २००९ मध्येच मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच. मालकी आमची, चिठ्ठी तुमची! बांबू हे गवत का झाड, यावर खात्यानं काय काय अकलेचे तारे तोडले. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. तेव्हापासून चिठ्ठी ग्रामसभा फाडते.

सगळं आलबेल आहे असं नाही. जिल्ह्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत, तिथं ग्रामसभेला कोण किती विचारतं ते आम्ही बघतोच. पण तुमच्या धाग्यातला प्रश्न मला तरी हाच वाटतो: सरपणाची चिठ्ठी कोणी फाडायची?

---

दगडवाटा

ठेचाभाऊ, बरोबर नेम लागला. सहकारभाराच्या करारात जमाती सल्ला देतात, आराखडा बरोबर बसून करतात, पण शेवटची सही खात्याचीच. चिठ्ठीही खात्याचीच.

अमेरिकेत चिठ्ठीपुस्तक हातात दिल्याची उदाहरणं आहेत, थोडी आहेत. न्यू मेक्सिकोत टाओस प्वेब्लो जमातीचं पवित्र तळं ब्लू लेक १९०६ मध्ये सरकारनं राष्ट्रीय जंगलात घातलं. पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. ६४ वर्षं एकच धोशा लावला, आणि १९७० मध्ये निक्सनच्या सहीनं ४८ हजार एकर परत मिळाले. संसदेनं कायदा करून दिले, म्हणून पुढच्या कोणाला सहजी काढून घेता आले नाहीत. मोंटानातलं गवा अभयारण्यही २०२० च्या कायद्यानं तिथल्या जमातींना परत मिळालं. गवे अजून आहेत, पर्यटकही येतात. उलट दक्षिण डकोटातले, सरकारनं सू जमातीकडून घेतलेले ब्लॅक हिल्स डोंगर: १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा कोटींवर डॉलरची भरपाई दिली, सू लोकांनी आजतागायत हात लावलेला नाही. व्याज धरून ती आता अब्जाच्या वर आहे, आणि तिथली गरिबी देशातल्या सगळ्यात वाईट गरिबीपैकी. ‘विकास’ म्हणजे पैसा, एवढंच असतं तर हा हिशेब कधीच मिटला असता.

---

खाणीतला_माणूस

ब्लू लेकखाली तांबं नव्हतं. एवढंच म्हणतो. हलकेच घ्या.

---

पंधरा_हिवाळे_युटात

तांबं राहू दे, युरेनियमचं बघा. ब्लँडिंगच्या दक्षिणेला युरेनियमची गिरणी आहे, म्हणजे खनिज दळून त्यातून युरेनियम काढायचा कारखाना, १९८० पासूनचा. देशातली तशी चालू असलेली एकमेव. तिथून काही मैलांवर व्हाइट मेसा हे यूटांचं गाव. पाण्याची काळजी म्हणून ते लोक गिरणीपर्यंत मोर्चे काढतात. २०१७ मध्ये स्मारकाची हद्द कमी करा म्हणून जे पत्र लिहीत होते त्यांत याच गिरणीची मालक कंपनी होती. आणि नवाहो भूमीत शीतयुद्धाच्या काळातल्या पाचशेहून जास्त युरेनियम खाणी तशाच पडून आहेत. तिथं विकास येऊन गेला. झाडलोट कोणी केली नाही.

---

खाणीतला_माणूस

याला उत्तर नाही माझ्याकडे. त्या काळच्या खाणींची बाजू आमच्या धंद्यातलाही कोणी शहाणा घेत नाही.

---

टपोरा_मोगरा

बापरे, केवढं कळलं. आता पुन्हा एक बाळबोध प्रश्न. चेइंना लाकूड कुठूनही तोडता येतं का? आणि पुढे काय झालं, तुम्ही नुसतेच निघून आलात?

---

दगडवाटा

कुठूनही नाही. चिठ्ठीबरोबर जागा नेमून देतात, आणि मुख्यतः वाळलेलं, पडलेलं लाकूड. चेइ म्हणाले, हिरवं तोडायचं नाही हे मला आजीनं शिकवलं, नकाशावर आत्ता आलं.

पुढे फार काही झालं नाही. आम्ही पाण्याच्या बाटल्या देऊ केल्या, त्यांनी दोन घेतल्या. नातू गाडीत चढता चढता उतरला आणि माझ्या मुलीच्या हातात कागदी पिशवी ठेवून पळाला. पिन्यॉनच्या बिया होत्या, मिठात भाजलेल्या. शेंगदाण्याहून लहान, दातात धरून हलकेच फोडायच्या, आत लोण्यासारखा गर. मोआब येईपर्यंत पिशवी संपली. टरफलं अजून गाडीत सीटखाली सापडतात.

मुलीनं मात्र पाच बिया वाचवल्या आणि घरी येऊन कुंडीत लावल्या. रोज पाणी घालते. भाजलेल्या आहेत हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.